फ्लू फुप्फुसात, झटका हृदयाला

फ्लूचा विषाणू राहतो नाकात, घशात, फार तर फुप्फुसांत. मग फ्लूची साथ आली की हृदयविकाराने होणारे मृत्यू का वाढावेत? ते वाढतात हे अमेरिकेतल्या सेल्विन कॉलिन्स या संख्याशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवलं होतं. पण तिकडे साथ येते थंडीत, आणि थंडी स्वतःच हृदयाला जड जाते. मग दोष नेमका कुणाचा?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हा गुंता ज्या रीतीने सोडवला, ती मला फार सुंदर वाटते. त्यांनी एका माणसाची दुसऱ्याशी तुलनाच केली नाही. तपासणीत फ्लू पक्का ठरलेल्या आणि त्याच्या आगेमागे वर्षभरात हार्ट अटॅक आलेल्यांच्या नोंदी घेतल्या. असे ३६४ अटॅक निघाले. मग प्रत्येकाचा फ्लूचा आठवडा त्याच्याच इतर आठवड्यांशी ताडून पाहिला. माणूस तोच, मधुमेह तोच, सिगारेटही तीच. एरवी आठवड्याला सरासरी ३.३ अटॅक, फ्लूच्या तपासणीनंतरच्या सात दिवसांत २०. सहापट!

हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर वर्षानुवर्षं निमूट साचलेले असतात. विषाणूशी लढताना अंगभर दाह उसळतो, थरावरचं पातळ आवरण फाटू शकतं, रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. त्यात तापामुळे हृदयाची धडधड वाढलेली.

मग लस टोचली तर? स्वीडनचे ओले फ्रोबर्ट आणि सहकाऱ्यांनी आठ देशांत, त्यात बांगलादेशही होता, २,५७१ रुग्णांवर हे पाहिलं. जवळजवळ सगळ्यांना नुकताच अटॅक आलेला. निम्म्यांना ७२ तासांच्या आत फ्लूची लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षभरात मिठाच्या पाण्याच्या गटात ४.९ टक्के दगावले, लसीच्या गटात २.९ टक्के. कोविडमुळे चाचणी अर्ध्यावर थांबली, आणि पुन्हा अटॅक येण्यात ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायलाच हवं. तरीही, दंडावरच्या एका टोचणीने इतके जीव वाचावेत!

महाराष्ट्रात फ्लू उसळतो तो पावसाळ्यात. लसीचा प्रभाव जमायला साधारण दोन आठवडे लागतात आणि विषाणू सतत रूप पालटतो. म्हणून घरात हृदयरोगी असेल, तर दरवर्षी मे महिन्यातच डॉक्टरांकडे या लसीचा विषय काढावा.