मडगार्ड नेमके कुणासाठी?

पावसाळ्यात शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहावे आणि सायकलवरून येणाऱ्या मुलांच्या पाठी पाहाव्यात. काहींच्या पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा उमटलेला दिसतो. ही मुले पडलेली नसतात. त्यांच्या सायकलींना मडगार्डच नसते, किंवा असलेच तर वीतभर लांबीचे, शोभेपुरते असते. पाठीवरचा हा पट्टा घरी कुणाला तरी घासून काढावा लागतो. पण त्याआधी तो वर्गात नीट पाहिला, तर गतीच्या नियमांचा एक चांगला पाठ त्यात सापडतो आणि मडगार्ड कसे निवडावे याचे उत्तरही मिळते.

पाणी कोणत्या दिशेने उडते?

विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला की बहुधा उत्तर येते, "चाक फिरते, त्यामुळे अपकेंद्री बलाने पाणी बाहेर फेकले जाते." बाहेर म्हणजे कुठे, असे विचारले की बोट केंद्रापासून सरळ दूर, स्पोकच्या दिशेने जाते. हे खरे असते, तर चाकाच्या माथ्यावर एक छोटी पट्टी लावली की काम भागले असते. वीतभर मडगार्डे विकली जातात, ती बहुधा याच समजुतीच्या जोरावर!

प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. टायरला चिकटलेल्या पाण्याला वर्तुळात फिरत राहायचे असेल, तर त्याला सतत केंद्राकडे ओढणारे बल हवे. ताशी १५ किमी. म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर वेग आणि चाकाची त्रिज्या ३५ सेमी. धरली, तर लागणारे त्वरण (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या) सुमारे ५० मीटर प्रतिसेकंदवर्ग येते. हे गुरुत्वीय त्वरणाच्या पाचपट झाले. टायर आणि पाणी यांच्यातील चिकटपणा पातळ थराला एवढे बल पुरवू शकतो, जाड थराला नाही. जादा पाणी टायर सोडते आणि सोडताना ज्या दिशेने चालले होते, त्याच दिशेने पुढे जाते. न्यूटनचा पहिला नियम तो हाच. ही दिशा केंद्रापासून दूर जाणारी नसून वर्तुळाच्या स्पर्शिकेची असते.

आता सायकलस्वाराच्या नजरेने पाहू. त्याच्या दृष्टीने चाक जागच्या जागी फिरते आणि टायरचा प्रत्येक बिंदू सायकलच्या वेगानेच धावतो. तळाचा बिंदू मागे जातो, सर्वांत मागचा बिंदू सरळ वर जातो, माथ्यावरचा पुढे आणि सर्वांत पुढचा खाली. म्हणजे सर्वांत मागच्या बिंदूवरून सुटलेला थेंब आपण वर फेकलेल्या चेंडूसारखाच सरळ वर चढणार. तो किती उंच जाईल हे नववी-दहावीचा विद्यार्थी काढू शकतो : वेगाचा वर्ग भागिले २ × ९.८. त्यात आसाची उंची, म्हणजे ३५ सेमी., मिळवली की जमिनीपासूनची उंची मिळते. ताशी १० किमी. वेगाला ती सुमारे ७५ सेमी. येते, १५ किमी.ला सव्वा मीटर आणि २० किमी.ला १.९ मीटर. सीट जमिनीपासून साधारण ९० सेमी.वर असते. तेव्हा हळू जाणाऱ्याची पाठ कोरडी राहते, जरा वेग घेतला की कंबर भिजते आणि घाईत निघालेल्याच्या डोक्यापर्यंत चिखल पोचतो. या हिशेबात हवेचा रोध धरलेला नाही. लहान थेंबांना हवा बरीच अडवते, म्हणून ते याहून कमी उंच जातात.

वर्गात करून पाहण्यासारखे

मागचे मडगार्ड काढलेली सायकल मैदानात स्टँडवर लावावी. मागच्या चाकाचा तळ बुडेल अशी उथळ परात खाली ठेवून तिच्यात गेरू कालवलेले पाणी ओतावे. सीटच्या मागे सायकलस्वाराच्या पाठीच्या जागी एक वर्तमानपत्र उभे धरावे आणि दुसरे चाकाच्या मागे दोन-तीन हातांवर धरावे. मग हाताने पॅडल फिरवावे. वेग काढायला दोन्ही दातेरी चाकांचे दाते मोजावेत. समजा पुढे ४४ आणि मागे १८ आहेत; म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या सुमारे २.४ फेऱ्या होतात. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर सेकंदाला एक फेरी या गतीने ताशी १९ किमी. वेग येतो. आता चाकाच्या माथ्यावर पुठ्ठ्याची छोटी पट्टी धरून पाहावी. वर्तमानपत्रांवरचे डाग फारसे कमी होत नाहीत. पट्टी चाकाच्या मागच्या बाजूने खालपर्यंत नेली की मात्र डाग थांबतात. बोटे, ओढण्या आणि सैल बाह्या चाकापासून व साखळीपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शिक्षकांनी स्वतःकडे घ्यावी.

निवड करताना

या प्रयोगातून एक गोष्ट ध्यानात येते. मागच्या चाकाच्या माथ्यापासून मागच्या टोकापर्यंतचा भाग आपल्या पाठीवर पाणी उडवतो. त्याच्या खालच्या भागातले पाणी मागे जाते, ते आपल्याला लागतच नाही. ते लागते आपल्या मागून येणाऱ्याला. पुढच्या चाकाच्या बाबतीत मात्र मागून येणारे आपणच असतो! त्याच्या तळाकडचे पाणी थेट आपल्या पावलांवर, साखळीवर आणि पॅडलच्या बेअरिंगवर येते. त्या पाण्यात बारीक वाळू असते आणि साखळी झिजते ती तिच्यामुळे. पुढच्या चाकाच्या माथ्यावरून पुढे उडालेले थेंब समोरच्या हवेने मंदावतात आणि वेगात जाणारा स्वार त्यांच्यात शिरतो. चष्मा वापरणाऱ्यांना हा अनुभव असतो.

म्हणून मडगार्ड घेताना आधी लांबी पाहावी. दोन्ही मडगार्डे मागच्या बाजूला आसाच्या बरीच खाली उतरलेली हवीत. पुढच्याच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा लावून तो जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत सोडला तर पावले कोरडी राहतात. दगड लागला तरी रबर वाकते, मोडत नाही. मग रुंदी पाहावी. ती टायरच्या रुंदीपेक्षा निदान एक-दीड सेमी. जास्त असावी, कारण थेंब थोडे बाजूलाही उडतात. सीटखाली उंचावर बसवायची प्लॅस्टिकची पट्टी पाठ काही प्रमाणात वाचवते, पण पाय, साखळी आणि मागचा सोबती यांना तिचा उपयोग नाही.

टायर आणि मडगार्ड यांच्यातले अंतर किती असावे, हे मात्र रस्ता ठरवतो. डांबरी रस्त्यावर एक-दीड सेमी. पुरते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीच्या वाटेवर तेवढ्या फटीत माती गच्च भरते आणि चाक फिरेनासे होते. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि चिकटते. तिथे अंतर जास्त हवे आणि सोबत एक काडीही! लोखंडी मडगार्ड मजबूत असते, पण आतल्या बाजूला चिखल साचून गंजते. प्लॅस्टिक गंजत नाही, पण तडकते. दोन्हींच्या आधाराच्या तारा घट्ट असल्या पाहिजेत. पुढच्या मडगार्डची सैल तार स्पोकमध्ये अडकली तर चाक एकदम थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

आम्ही महाविद्यालयात असताना सायकल 'रेसर'सारखी दिसावी म्हणून दोन्ही मडगार्डे काढून टाकली होती. स्वतःच्या पाठीवरचा पट्टा आम्ही हसण्यावारी नेत असू. एकदा परीक्षेच्या दिवशी आमच्या मागे येणारा मित्र पेपरला बसला, तो डोळ्यांत चिखल गेल्याने लाल झालेल्या डोळ्यांनीच. त्याने तक्रार केली नाही. त्या संध्याकाळी आम्ही मडगार्डे पुन्हा बसवली. त्यांचा खालचा अर्धा भाग कुणासाठी असतो, हे स्पर्शिकेचे गणित शिकूनही आमच्या तोवर ध्यानात आले नव्हते.