दुसऱ्याच्या डोळ्यांनी

छायाचित्र काढणे आता अवघड राहिलेले नाही. खिशात मोबाइल आहे, मोबाइलमध्ये कॅमेरा आहे आणि फिल्मचा खर्च नाही. छत्तीस चित्रांचा एक रोल दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत पुरवून वापरणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे सुख ठाऊक नव्हते. परंतु काढलेले छायाचित्र साधले की फसले, हे मात्र काढणाऱ्याला स्वतःला सहसा कळत नाही. असे का व्हावे?

कारण अगदी साधे आहे. चित्र काढताना आपण तिथे हजर असतो. पहाटेचा गारवा, चुलीच्या धुराचा वास, मागून येणारी बैलांच्या घुंगरांची किणकिण हे सारे आपल्या मनात चित्राला चिकटलेले असते. पाहणाऱ्यापुढे येतो तो निव्वळ एक चौकोन. आपल्याला जे आठवते ते त्याला दिसत नाही, आणि त्याला जे दिसते (उदाहरणार्थ, आजीच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब) ते आपल्या लक्षातच आलेले नसते! म्हणून हौशी छायाचित्रकाराला कॅमेऱ्याइतकीच दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज असते.

ही गरज जुनीच आहे. छायाचित्रणाची कला 1839 मध्ये जगापुढे आली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, 1854 मध्ये, मुंबईत हौशी मंडळींनी फोटोग्राफिक सोसायटी स्थापन केली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. इंग्लंडमध्ये त्याच शतकाच्या उत्तरार्धात याहून गमतीदार प्रथा पडली. तिथे छायाचित्रांचा संच पोस्टाने एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरे. प्रत्येकाने इतरांच्या चित्रांवर लेखी अभिप्राय द्यायचा, आपले जुने चित्र काढून घ्यायचे, नवे ठेवायचे आणि संच पुढे धाडायचा. आपल्या चित्राबद्दल लोक काय म्हणाले हे कळायला पूर्ण फेरा व्हावा लागे. आज उत्तर क्षणात येते. पण ते उत्तर बहुतेकदा ‘मस्त!’ एवढेच असते. पोस्टाचा खर्च वाचला, आणि विचार करण्याचे कष्टही वाचले.

आमच्या महाविद्यालयात आम्ही सात-आठ जण शनिवारी शेवटचा तास संपल्यावर एका रिकाम्या वर्गात जमतो. भिंतीवर एकेक चित्र पाडतो. नियम एकच : ‘छान’ हा शब्द एकट्याने उच्चारायचा नाही. छान असेल तर काय छान आहे ते सांगायचे. आणखी एक पथ्य आम्ही अनुभवाने शिकलो. चित्रे व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने मागवायची नाहीत. तसे पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते, बारकावे पुसट होतात आणि चित्रासोबत कॅमेऱ्याने केलेली नोंद (झडप किती वेळ उघडी होती, भोक केवढे होते, वगैरे) गळून पडते. मग ‘चित्र हलले कशाने?’ या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. नोंदीत एक-पंधरांश सेकंद दिसले, की हात हलला असणार हे चटकन उमगते.

आमच्याकडे सर्वांत अधिक वेळा निघणारा दोष म्हणजे ‘आकाश जळाले’. हा समजून घेण्यासारखा आहे. डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदक म्हणजे पावसात वळचणीखाली ओळीने मांडून ठेवलेल्या भांड्यांसारखा. प्रकाशाच्या सरी पडतात, ज्या भांड्यात जितके साचेल तितका तो ठिपका उजळ. परंतु भांडे काठोकाठ भरले की पुढचे पाणी वाहून जाते, आणि किती वाहून गेले त्याचा हिशेब राहत नाही. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाला 0 पासून 255 पर्यंतच पायऱ्या असतात. 255 ला पोचलेल्या ढगात आणि त्याच्या शेजारच्या ढगात मग काहीच भेद उरत नाही. संगणकावर कितीही खटपट केली तरी नसलेला ढग परत येत नाही. उलट काळोख्या भागात थोडेफार साचलेले असते, ते वर ओढून काढता येते, जरी त्यात दाणे दिसले तरी. जुन्या निगेटिव्ह फिल्मचे वागणे नेमके उलटे होते. ती जादा प्रकाश बराच सोसायची, कमी प्रकाशाला कुरकुरायची. म्हणून घरातल्या जुन्या जाणकारांचा सल्ला डिजिटलला जसाच्या तसा लागू करता येत नाही. कॅमेऱ्यात दिसणारा आयतालेख उजव्या भिंतीला जाऊन थडकला असेल, तर प्रकाश कमी करावा, हे उत्तम.

असले दोष सांगणे सोपे असते, ऐकणेही फारसे जड जात नाही. खरी कसोटी निराळीच असते.

गेल्या गळीत हंगामात मी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ एक छायाचित्र काढले. पाच-सहा वर्षांची मुलगी, विस्कटलेले केस, मागे उसाच्या मोळ्या, बाजूने तिरपे ऊन. आकाश जळलेले नव्हते, डोळे टोकदार आले होते. भिंतीवर ते पडले आणि वर्गात शांतता पसरली. एकाने उजेडाची तारीफ केली, दुसऱ्याने ते स्पर्धेला पाठवण्याचा आग्रह धरला. मी मनातून हरखलो होतो. तेवढ्यात आमच्यातली एक जण म्हणाली, “तिच्या आईला विचारलं होतंस का?”

विचारले नव्हते. मी रस्त्यावरून गाडी थांबवून काढले होते आणि निघून आलो होतो. मला राग आला. चित्राबद्दल बोला, असेही मी म्हणालो. परंतु हा अभिप्राय चित्राबद्दलच होता, हे घरी जाताना पटत गेले. त्या चित्रातली मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती, गाडीकडे पाहत होती.

पुढल्या आठवड्यात कागदावर प्रत काढून मी कोप्यांवर गेलो. सुदैवाने फड हललेला नव्हता. आईने प्रत हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “आवो दादा, सांगितलं असतं तर पोरीची येणी तरी घातली असती की!” मग तिने मुलीला धुऊन पुसून, तेल लावून, घट्ट वेणी घालून, ठेवणीतला झगा चढवून माझ्यापुढे उभे केले. मुलगी हात सरळ सोडून, कवायतीला उभी राहावी तशी राहिली. मी तसेच काढले.

त्या शनिवारी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी भिंतीवर पाडली. बहुतेकांचे मत पहिल्यालाच होते; दुसरे म्हणजे ओळखपत्राचा फोटो, असे ते म्हणाले. तिचे मात्र म्हणणे पडले, की आईला कोपीत लावावेसे वाटेल ते दुसरेच. मला अजून ठरवता आलेले नाही. शिपाईमामा किल्ल्या वाजवीत खोली बंद करायला आले, तरी वाद चालूच होता.