जुन्या विमानातली उजळणी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन आलेले पुस मॉथ विमान जुहूला उतरवले, ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ साली त्याच तारखेला, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथ या तशाच जुन्या विमानातून पुन्हा केला. या घटनेचे कौतुक करून आपण पुढे जातो. मला मात्र तिच्यातून एक रुक्ष प्रश्न सुचला. एकदा परवाना मिळवलेला माणूस पुढे कित्येक वर्षांनीही विमान नीट चालवतो की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कसे? मी वैमानिक नाही. पण हौशी वैमानिकांची मोठी परंपरा असलेल्या अमेरिकेत या प्रश्नाला काय उत्तर दिले आहे, हे पाहण्यासाठी तिथले नियम वाचू लागलो आणि एका जुन्या पिवळ्या विमानापाशी येऊन थांबलो.

अमेरिकेत वैमानिकाच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. ते जन्मभराचे असते. मात्र ६१.५६ क्रमांकाचा नियम सांगतो की, मागच्या २४ महिन्यांत ‘फ्लाइट रिव्ह्यू’ झालेला नसेल, तर विमानाची सूत्रे प्रमुख म्हणून हाती घेता येत नाहीत. किमान एक तास जमिनीवर नियमांची चर्चा आणि किमान एक तास हवेत प्रशिक्षण, एवढीच त्याची मागणी. महिने पूर्ण मोजतात. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी रिव्ह्यू झाला असेल, तर तो ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालतो.

या शब्दाला मराठीत ‘परीक्षा’ म्हणणे चुकीचे ठरेल, कारण यात नापास कोणी होत नाही. प्रशिक्षकाचे समाधान झाले, तर तो वैमानिकाच्या लॉगबुकात तशी नोंद करून सही करतो. नाही झाले, तर तो तास नुसता शिकवणीचा तास म्हणून लिहिला जातो. नापासाचा शेरा कुठेही नाही. लहानपणी आपण पाढ्यांची करत असू, तशी ही उजळणी आहे.

आता ही उजळणी पायपर जे-३ कब या विमानात करायची ठरली, तर काय होते ते पाहू. १९४७ पर्यंत या जातीची सुमारे २०,००० विमाने तयार झाली. लाकूड-धातूच्या सांगाड्यावर ताणलेले कापड, बहुतेकांत ६५ अश्वशक्तीचे इंजिन, एकामागे एक दोन आसने. मूळ घडणीत वीज नाही, म्हणून स्टार्टर नाही आणि रेडिओही नाही. इंधन किती उरले, हे टाकीतल्या बुचावर तरंगणारी तार झाकणातून जितकी वर डोकावेल त्यावरून कळते.

त्यामुळे जमिनीवरच्या तासातच प्रश्न वेगळे होतात. रेडिओ नसताना कोणत्या हवाईक्षेत्रात शिरता येत नाही? विजेविना घडलेल्या विमानांना कोणत्या सवलती आहेत, आणि त्या कुठे संपतात? इंजिन सुरू करायचे तर कोणीतरी समोर उभे राहून पंखा हाताने फिरवावा लागतो. चाकांना अडसर लावला का, स्विच बंद आहे का, आत बसलेल्याला विमान आवरता येते का, हे दोघांनी एकमेकांना मोठ्याने विचारून पक्के करायचे. इथे गृहीत धरण्याची किंमत हात गमावून मोजावी लागते.

विमान चालू लागले की, खरी उजळणी पायांची असते. कबला दोन मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटाखाली असते. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. हातगाडी ओढत नेली की मुकाट मागे येते, ढकलत नेली की आडवी फिरू पाहते. कबचे जमिनीवरचे वागणे दुसऱ्या प्रकारचे. किंचित तिरके झालेले विमान आपणहून सरळ होत नाही, अधिकच तिरके होत जाते आणि गरकन स्वतःभोवती फिरते. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. उपाय एकच, पायांनी रडर सतत आणि थोडाथोडा हलवत राहणे. त्यातच नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही. मागच्या आसनावरच्या वैमानिकापुढे तर प्रशिक्षकाची पाठही असते. म्हणून जमिनीवर नागमोडी चालत वाट पाहावी लागते.

हवेतही पायांची सुटका नाही. डावीकडे वळण्यासाठी दांडा डावीकडे नेला की, उजव्या पंखाची उचल वाढते, पण त्याबरोबर हवेचा विरोधही वाढतो आणि नाक क्षणभर उजवीकडे ओढले जाते. नव्या विमानांत हा दोष घडणीतच बराच कमी केलेला असतो, म्हणून तिथे पाय आळसावले तरी खपून जाते. कबमध्ये मात्र बसल्या जागी अंग एका बाजूला सरकते. प्रशिक्षकाने काही बोलण्याआधीच वैमानिकाला आपली चूक कळलेली असते.

उतरल्यावरही काम संपत नाही. चाके टेकली म्हणून सुटलो, असे ज्याला वाटते, त्याचेच विमान फिरते. ते पूर्ण थांबेपर्यंत पाय जागे हवेत.

या व्यवस्थेत एक फट आहे, तीही सांगितली पाहिजे. कबमध्ये झालेला रिव्ह्यू त्या वैमानिकाला ज्या ज्या प्रकारच्या विमानांची परवानगी आहे, त्या सर्वांसाठी कायद्याने पुरेसा ठरतो. कबला फ्लॅप नाहीत. रेडिओवरचे संभाषण आणि पडद्यांवरची आधुनिक उपकरणे यांचा सरावही त्यात होत नाही. तरी तीच सही घेऊन वैमानिक दुसऱ्या दिवशी उपकरणांनी भरलेल्या विमानात बसू शकतो. हवेतल्या तासात काय तपासायचे, हे नियमाने प्रशिक्षकाच्या विवेकावर सोडले आहे. ओळखीचा, सौम्य प्रशिक्षक निवडून तास गोड गप्पांत घालवणेही अशक्य नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. विमानाची सक्तीची तपासणी दर १२ महिन्यांनी होते, माणसाची २४ महिन्यांनी. यंत्राची झीज मेकॅनिकला दिसते. माणसाची झीज, म्हणजे मंदावलेले पाय आणि ‘मला येते’ हा जुना समज, बाहेरून दिसत नाही. जुन्या विमानात ती लपवायला जागा कमी असते, एवढाच त्याचा उपयोग. पुढचे काम कागदावरच्या नियमाला जमत नाही. सही मिळत असतानाही ‘अजून एक तास हवा’ असे प्रशिक्षकाला सांगणे, हे त्या वैमानिकालाच करावे लागते.