शाळेची तयारी रात्री साडेनऊला

जून जवळ आला की भिवंडीत तीनबत्तीच्या बाजारात दप्तरे, रेनकोट, पाण्याच्या बाटल्या आणि वह्यांचे गठ्ठे दिसू लागतात. यंत्रमागावर किंवा गोदामात राबणारे आईबापही या दिवसांत हात आखडता घेत नाहीत. पोराचे वर्ष नीट सुरू व्हावे, ही ओढ त्यामागे असते आणि ती खरी आहे. तरीही पहिली ते चौथीतल्या मुलाचे वर्ष कसे जाईल, हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट त्या बाजारात मिळत नाही. ती म्हणजे रोज ठरावीक वेळी लागणारी, पुरेशी झोप. वह्या आठवडाभर उशिरा आल्या तरी मुलाचे काही अडत नाही. झोप मात्र पहिल्याच आठवड्यापासून कमी पडली, तर पुढचे महिनाभर ते वर्गात नुसते बसून असते. म्हणून शाळेच्या तयारीत झोपेचा क्रमांक पहिला लागायला हवा, असे माझे म्हणणे आहे. भिवंडीसारख्या रात्रभर जागणाऱ्या शहरात तर ते अधिकच खरे आहे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये एकमताने सांगितले. आपल्याकडे सात-आठ तास झोपलेले मूल ‘भरपूर झोपले’ असे समजले जाते, कारण माप मोठ्यांचे लावले जाते. इस्रायलमध्ये अवी सादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथी आणि सहावीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लागोपाठ तीन रात्री काही मुलांना नेहमीपेक्षा तासभर आधी झोपवायचे आणि काहींना तासभर उशिरा, एवढेच करायचे होते. तेवढ्यानेही लक्ष आणि स्मरण तपासणाऱ्या चाचण्यांत दोन्ही गटांमध्ये ठळक फरक पडला. ब्रिटनमधील दहा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवर २०१३ मध्ये झालेला अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलांची झोपायची वेळ रोज बदलत होती, त्यांच्यात चिडचिड, चंचलपणा आणि हट्टीपणा जास्त आढळला. आणि वेळ नियमित झाल्यावर त्यांचे वागणे सुधारलेलेही दिसले. वर्गात सतत चुळबुळ करणाऱ्या पोराला आपण ‘मस्तीखोर’ म्हणून मोकळे होतो. त्याआधी ते रात्री किती वाजता झोपते, हे विचारले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की शासनाने हा प्रश्न सोडवला आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश काढला. निर्णय योग्य होता, पण त्याचा लाभ आपोआप होत नाही. साधा हिशेब करू. नऊच्या शाळेसाठी साडेसातला उठायचे, तर पावणेदहाला झोपलेल्या मुलाला पावणेदहा तास मिळतात. तेच मूल साडेअकराला झोपले, तर आठच तास. सहा दिवसांच्या आठवड्यात दहा तासांहून अधिक झोप बुडाली, म्हणजे जवळपास एक अख्खी रात्र. शाळा उशिरा भरते म्हणून झोपणेही पुढे सरकले, तर आदेशाने दिलेला वेळ आपणच खर्चून टाकतो. शिवाय दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांसाठी या आदेशात अडचणीनुसार सवलत मागण्याची सोय आहे. आणि धाकट्याची शाळा नऊची असली, तरी मोठ्या भावाची सातची असेल, तर एका खोलीच्या घरात पहाटे सगळेच जागे होतात.

भिवंडीतली रात्र नेमकी इथे आड येते. यंत्रमाग परंपरेने बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. मानकोली, दापोडे, काल्हेर भागातली गोदामेही रात्री जागी असतात. बाप दिवसपाळीहून परततो किंवा रातपाळीला निघतो, तीच नेमकी मुलाची झोपायची वेळ. दिवसभरात बापाशी बोलायला मिळणारा अर्धा तासही तोच असतो, आणि त्यावर कोणी सहज पाणी सोडावे असे मी म्हणणार नाही. आई घरी कांड्या भरत असेल, तर तिचेही काम रात्रीवर ढकललेले असते आणि मूल गप्प राहावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल जातो. कित्येक वस्त्यांत खाली माग आणि वर बिऱ्हाड. त्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्र्याची घरे मध्यरात्रीपर्यंत तापलेली असतात. मुंबई परिसरात मान्सून यायची सरासरी तारीखच ११ जून आहे. अशा घराला ‘मुलांना लवकर झोपवा’ असे सांगणे म्हणजे पोटभरल्यांचा उपदेश, असा आक्षेप कोणी घेतला तर तो गंभीरपणे घ्यायला हवा.

पण त्या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते ब्रिटनच्या अभ्यासातच सापडते. तिथे पाहिले गेले ते वेळेच्या नियमितपणाकडे. वेगळी खोली, पलंग किंवा पंखा सगळ्यांना मिळेल असे नाही. ठरलेली वेळ मात्र एका खोलीतही पाळता येते. त्यासाठी घरातल्या मोठ्यांच्या घड्याळापेक्षा मुलाचे घड्याळ वेगळे आहे, एवढे मान्य करावे लागते. बापाची पाळी आठवड्याला बदलली, तरी मुलाची बदलू नये. ही सवय एका रात्रीत लागत नाही. साडेअकरावरून पावणेदहावर यायचे, तर दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे यावे. सात टप्पे, चौदा दिवस. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडत असेल, तर १ जूनला सुरुवात करायला हवी. सुरुवातही सकाळपासून करावी: ठरल्या वेळी उठवून मुलाला उजेडात आणावे, कारण सकाळच्या उजेडानेच शरीराला रात्र कधी होणार ते कळते. रात्री अर्धा तास आधी मोबाइल बाजूला आणि दिवा मंद. उत्तर प्रदेश किंवा तेलंगणातल्या गावी सुटी काढून परतणाऱ्या मुलांना तिथे सूर्याबरोबर उठायची सवय लागलेली असेल, तर ती इथे मोडू न देणे एवढेच काम उरते. लग्नाची, सणाची एखादी रात्र जागली म्हणून बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेवर यावे.

एकट्या घराला हे जड जाते, कारण गल्लीत इतर पोरे खेळत असताना आपले मूल झोपत नाही. इथे आयांचे गट कामाला येतील. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी मेळावे भरतात आणि वस्तीतल्या माता गट करून मुलांची तयारी करून घेतात. अक्षर, आकडे, रंग यांच्या जोडीला याच गटाने ‘आपल्या गल्लीत साडेनऊनंतर मुले घरात’ असे ठरवले, तर शाळेला वा सरकारला काहीच खर्च येत नाही. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळांतली मुले एकाच गल्लीत राहतात. म्हणून असा गट शाळेपेक्षा वस्तीने बांधलेला बरा.

रात्र मार्गी लागली की सकाळ बरीच सोपी होते. दप्तर झोपण्यापूर्वी वेळापत्रकानुसार भरावे. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणात पहिली-दुसरीचे दप्तर १.६ ते २.२ किलोपर्यंत असावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, असे म्हटले आहे, तेव्हा भरायलाही फारसे नसते. शाळेतल्या पोषण आहारातून प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे; तो दुपारचा आधार झाला. नुसत्या चहा-खारीवर निघालेले पोर तोवर पेंगते. रात्रीची पोळी फोडणी देऊन, एखादे अंडे, मूठभर शेंगदाणे किंवा केळे, एवढे पोटात असले तरी पुरते.

याच पंधरवड्यात लसीकरणाचे कार्डही काढून पाहावे. पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो आणि नेमका पहिलीत जाण्याच्या गडबडीत तो राहून जाऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि मालेगावबरोबर भिवंडीतही गोवराची साथ आली होती. राहिलेल्या डोसाची किंमत या शहराला ठाऊक आहे. लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते. १० ऑगस्टच्या सुमारास शाळेत जंताची गोळी दिली जाते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा फळा नीट दिसत नसल्याची तक्रार मुलाने सांगावी, म्हणून आधी घरात ती ऐकून घ्यायला हवी.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सगळा भार कुटुंबावरच का? माझेही मत तेच आहे की तो तसा असू नये. न्यूयॉर्कमधील एका शाळेशेजारून उंचावरून रेल्वे जात असे. मानसशास्त्रज्ञ अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडत होती. मग रुळांखाली रबराचे थर बसवले गेले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आवरण लावले गेले आणि पुढच्या पाहणीत तो फरक मिटला. कुठल्याही आईला तिथे काही शिकवावे लागले नाही. दुरुस्ती सार्वजनिक यंत्रणेने केली. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत मर्यादा ४५ डेसिबल आहे. मागांचा आवाज बंद करा असे म्हणणे या शहराच्या पोटावर पाय देणे होईल, आणि तसे कोणी म्हणू नये. पण मागांखाली रबरी गाद्या बसवणे, रस्त्याकडच्या खिडक्या रात्री बंद ठेवता येतील अशी हवेची सोय करणे आणि मागांवरच्या घरांत आवाज किती पोहोचतो याचे मोजमाप करणे अशक्य नाही. भिवंडी-निजामपूर महापालिकेने शाळा उघडण्यापूर्वी आपल्या प्राथमिक शाळांच्या आसपासच्या वस्त्यांत रात्री दहानंतरचे असे मोजमाप करून त्याचे आकडे शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे ठेवावेत. कोणत्या गल्लीतल्या कोणत्या कारखान्यात आधी गाद्या बसवायच्या, हे त्यावरून ठरवता येईल.