गॉथिक भयमोहीम (भूमिकाखेळ)

गॉथिक भयमोहीम हा संवादातून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाचा एक प्रकार होय. चार-पाच खेळाडू एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, आणि त्यांच्यातील एक जण या पात्रांभोवतीचे जग, त्यातील इतर माणसे व संकटे सांभाळतो. त्यास इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी सूत्रधार हा शब्द वापरला आहे. नाट्यपरंपरेने तो आधीच घडवून ठेवला असल्यामुळे नवा शब्द शोधण्याचे कारण नाही. ज्या कृतीचे यश अनिश्चित असते तिचा निकाल फासे टाकून ठरतो. एकाच कथानकाच्या अनेक बैठकी मिळून जी मालिका होते तिला मोहीम म्हणतात. गॉथिक मोहिमेत युद्ध व लूट यांना दुय्यम स्थान असते. पूर्वी घडलेले व दडपले गेलेले एखादे दुष्कृत्य, ते ज्या वास्तूत घडले ती वास्तू आणि त्याचे फळ भोगणारे वारस ही तिची तीन अंगे होत.

== पार्श्वभूमी ==

गॉथिक कथेचा आरंभ इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीपासून मानतात. ती १७६४ मध्ये प्रसिद्ध झाली. आजोबाने बळकावलेली गादी, ती टिकवण्यासाठी नातवाने चालवलेला आटापिटा आणि खऱ्या वारसाचे उघडकीस येणे हे तिचे सूत्र. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) या तिच्या सुप्रसिद्ध वंशजा होत.

भूमिकाखेळ मात्र विसाव्या शतकातला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पुढे १९८१ मध्ये आलेल्या 'कॉल ऑफ क्थुलू' या खेळात पात्राच्या मानसिक स्वास्थ्याचेही गुण मोजले जाऊ लागले. भयानक दृश्य पाहिले की ते घटतात. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने रचलेले 'रेव्हनलॉफ्ट' (१९८३) हे गॉथिक मोहिमेचे आदर्श उदाहरण समजले जाते. त्यात स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार आपल्या गढीत राहतो. त्याचा हेतू कोणता आणि त्याच्यावर मात करण्याची साधने गढीत कोठे आहेत, हे खेळातल्या भविष्यवेत्तीने मांडलेल्या पत्त्यांवरून ठरते, म्हणून प्रत्येक वेळी खेळ निराळा होतो. त्याच कथेची विस्तारित आवृत्ती २०१६ मध्ये 'कर्स ऑफ स्ट्राड' या नावाने निघाली.

नवे सूत्रधार बहुधा हेच पुस्तक हाती घेतात आणि तेथेच अडखळतात. कार्पेथियन पर्वत, सरदारांच्या गढ्या, चर्चची दफनभूमी यांविषयी खेळाडूंना जे माहीत असते ते चित्रपटांतून आलेले असते. पाहुण्या प्रदेशात माणूस कुतूहलाने हिंडतो. भीती वाटण्यासाठी जागा ओळखीची असावी लागते. हे मराठी भयकथाकारांनी पूर्वीच जाणले होते. पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग याच्या 'सेलम्स लॉट'वरून लिहिली, पण तिला मराठी मातीत रुजवले. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत तर भय बहुतांशी मध्यमवर्गीय घरातूनच उद्भवते.

== शनिवारवाडा: एक गॉथिक इतिहास ==

पुण्याच्या सूत्रधारास गढी शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला. थोरल्या माधवरावाच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १७७२ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. चुलता रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. अठरा वर्षांचा नारायणराव चुलत्याच्या दालनाकडे धावला, त्याला बिलगला आणि तेथेच मारला गेला. सुमेरसिंग गारदी हा हल्लेखोरांच्या म्होरक्यांपैकी एक. धन्याला वाचवण्याच्या प्रयत्नात चापाजी टिळेकर हा सेवकही ठार झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले व पुणे सोडले.

पुढचा घटनाक्रम सूत्रधाराने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. नारायणरावाच्या मृत्यूनंतर, १८ एप्रिल १७७४ रोजी, पुरंदर किल्ल्यावर त्याच्या पत्नीस पुत्र झाला. हा सवाई माधवराव वयाच्या एकविसाव्या वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, त्याच वाड्याच्या माडीवरून पडून वारला. तो अपघात की आत्मघात, याविषयी एकमत नाही. त्यानंतर गादी आली ती दुसऱ्या बाजीरावाकडे, म्हणजे ज्यास रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले होते त्या रघुनाथरावाच्या मुलाकडे. त्याच्याच काळात, १८१८ मध्ये, पेशवाई संपली. दहा वर्षांनी, १८२८ साली, लागलेल्या आगीत वाड्यातील इमारती भस्मसात झाल्या; तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे अवशेष उरले. नारायणरावाच्या हत्येच्या नऊच वर्षे आधी वॉलपोलने जे कथासूत्र कल्पनेने रचले होते, त्याचीच छाया या इतिहासावर दिसते.

वाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकास नारायण दरवाजा म्हणतात. नारायणरावाचे शव तेथून बाहेर नेले, असे या नावाचे कारण सांगितले जाते. "काका, मला वाचवा" ही त्याची हाक रात्री ऐकू येते अशी दंतकथा पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. कोणी पौर्णिमा सांगतो, कोणी अमावास्या. वास्तविक हत्या भर दिवसा घडली, आणि तीही गणेशोत्सवाच्या दिवसांत. लोकस्मृतीने तिला अंधारात नेऊन ठेवले. सणाची गडबड चालू असताना, उजेडात, नात्यातल्या माणसाच्या दाराशी घडलेला खून कोणत्याही अमावास्येपेक्षा भयंकर आहे, आणि मोहिमेस अधिक उपयोगीही आहे.

== आखणी ==

नवा सूत्रधार प्रायः भूत कोणते असावे येथून आरंभ करतो. हा क्रम उलटा आहे. प्रथम दुष्कृत्य ठरवावे, मग त्याचा लाभ कोणास झाला, कोणी पाहिले आणि कोण गप्प बसले हे लिहून काढावे. एक पान पुरते. गप्प बसलेला माणूस अनेकदा मारेकऱ्यापेक्षा उपयोगी पडतो, कारण खेळाडूंची पात्रे त्याचे वंशज असू शकतात.

उदाहरणादाखल एक सर्वस्वी कल्पित मांडणी घेता येईल. काळ १८२८, शनिवारवाड्याची आग नुकतीच विझलेली. कसबा पेठेत एका कारकुनाच्या घराण्याचा दुमजली वाडा आहे. मूळपुरुषाने १७७३ मध्ये एक दरवाजा आतून उघडला व त्याबद्दल इनाम मिळवले. हे घरात कोणी बोलत नाही. तेव्हापासून प्रत्येक पिढीतला थोरला मुलगा अठरावे वर्ष ओलांडत नाही. यंदा घरातल्या थोरल्याला अठरावे लागले आहे. खेळाडूंपैकी एक त्याची आत्या, एक घरचे वैद्य, एक वाटणीसाठी आलेला भाऊबंद आणि एक कंपनी सरकारच्या कचेरीतला नवा कारकून. प्रत्येकास वाड्यात राहण्याचे कारण आहे आणि प्रत्येकापाशी एक गोष्ट लपवण्यासारखी आहे. मुलगा वाचेल का, आणि त्यासाठी इनाम सोडण्यास घर तयार होईल का, हे दोन प्रश्न पाच-सहा बैठकींना पुरतात. पहिल्या मोहिमेस याहून अधिक लांबी देऊ नये.

त्यानंतर वास्तू. जुन्या पुणेरी वाड्याची रचना या खेळासाठीच केली असावी असे वाटते: दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, तळघर, परसातला आड. बाहेरून आत जावे तसतसा उजेड कमी होतो आणि परक्याचा अधिकारही कमी होतो. कंपनीच्या कारकुनाला ओसरीपलीकडे जाण्यासाठी काहीतरी युक्ती करावी लागेल. आत्याला माजघरातले सारे ठाऊक असेल, पण बाहेरच्या बैठकीत काय ठरले ते तिला कोणी सांगणार नाही. अशी माहितीची वाटणी झाली की खेळाडू आपोआप एकमेकांशी बोलू लागतात. नकाशात आठ-दहा जागा असाव्यात आणि त्यांपैकी एक बंद असावी. ती का बंद आहे याची दोन निरनिराळी कारणे घरातल्या दोन माणसांनी सांगावीत.

महत्त्वाचे प्रत्येक रहस्य किमान तीन ठिकाणी सापडेल अशी सोय करावी. एकाच कोनाड्यात ठेवलेली चिठ्ठी खेळाडू हमखास चुकवतात व मोहीम तेथेच थांबते. मोडी लिपीतला कागद हे या बाबतीत सुंदर साधन आहे. तो सर्वांच्या हाती देता येतो, मात्र वाचता येतो तो मोडी जाणणाऱ्या पात्रालाच; आणि त्याने खरे वाचून दाखवले की नाही, हे इतरांना कळत नाही. एखादे अक्षर बदलल्याने अर्थ कसा फिरतो, हे पुण्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही.

भीतीची मात्रा हा अनुभवाचा भाग आहे. सर्वसाधारणपणे पहिल्या बैठकीत अलौकिक असे काही दाखवू नये. काहीतरी ठिकाणावर नाही एवढेच जाणवावे. रोज पाच ताटे वाढणाऱ्या घरात सहावे ताट मांडलेले असावे आणि कोणी त्याचा उल्लेख करू नये. वर्णन थोडके व इंद्रियगोचर असावे: ओलसर भिंतीचा वास, आडाच्या रहाटाचा आवाज. 'भयाण', 'भेसूर' ही विशेषणे सूत्रधाराने खेळाडूंसाठी सोडावीत. अधूनमधून विनोद होऊ द्यावा. सतत ताणलेली तार बेसूर होते, आणि हसून सैलावलेल्या माणसाला पुढचा धक्का अधिक बसतो.

== भुतांचे नियम ==

कोकण व देशावरील लोकसमजुतींत भुतांचे वर्गीकरण बारकाईने केलेले आढळते. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी जमवलेल्या अशा माहितीचा कोकणविषयक भाग एन्थोव्हेन यांनी संपादित करून १९१५ मध्ये प्रसिद्ध केला; जॅक्सन यांची १९०९ मध्ये हत्या झाल्यामुळे ते काम त्यांच्या हातून पुरे झाले नव्हते. मुंज झाल्यावर अकाली मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. वासना अडकून राहिलेला समंध आपल्या धनाची राखण करतो. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा वाट चुकवतो. वेताळ हा भुतांचा अधिपती, पण कित्येक गावी त्याची देव म्हणून पूजा होते.

सूत्रधाराच्या दृष्टीने यातील मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येकास ठिकाण, इच्छा व मर्यादा आहे. भूत काय करू शकत नाही हे खेळाडूंना हळूहळू उमगले पाहिजे. त्यावाचून भय उरत नाही, केवळ हतबलता उरते. वरील मांडणीत समंध योग्य ठरेल. तो इनामाची राखण करतो, मुलावर त्याचा राग नाही. ते इनाम परत गेले तर तो कशाची राखण करील, हे खेळाडूंनी शोधावे.

== खेळाडूंची संमती ==

भयाचा खेळ ऐच्छिक असतो. पहिल्या बैठकीपूर्वी कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते केवळ सूचित केलेले चालतील, हे सर्वांस विचारून घ्यावे. बालमृत्यू, बाळंतपण, आत्महत्या, जातीवरून होणारा अपमान हे विषय या प्रकारात सहज शिरतात, आणि टेबलापाशी बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी काय घडून गेले आहे हे सूत्रधारास ठाऊक असतेच असे नाही. मध्येच खेळ थांबवण्यासाठी टेबलावर एक पत्ता ठेवण्याची पद्धत आहे, त्यास एक्स-कार्ड म्हणतात. कोणीही त्यावर बोट ठेवले की कारण न विचारता तो प्रसंग बदलतात. शाळकरी मुले खेळत असतील तर पालकांना आधी कल्पना द्यावी.

== इतिहासाविषयी सावधगिरी ==

नारायणरावाच्या हत्येसंबंधी 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. रघुनाथरावाच्या पत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' असे रूपांतर आनंदीबाईने केले, असे ती सांगते. ग्रँट डफ याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासातही शब्दबदलाचा हा प्रवाद नोंदलेला आहे. तथापि, तो बदल आनंदीबाईच्याच हातचा होता हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तरीही आनंदीबाई हे नाव अडीचशे वर्षे कारस्थानी स्त्रीचा पर्याय म्हणून वापरले जात आहे. वर्गात हा धडा शिकवताना, पगार थकलेले गारदी आणि गादीसाठी आसुसलेला चुलता विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत नाहीत, 'मा' करणारी बाई तेवढी राहते, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

खेळ हे स्मृतीचे अत्यंत प्रभावी साधन आहे. पुस्तकात वाचलेले विसरते, स्वतः बोललेले विसरत नाही. म्हणून ऐतिहासिक व्यक्तींना मोहिमेत थेट खलपात्र करू नये. त्यांना पार्श्वभूमीवर ठेवून दोष कल्पित घराण्याकडे द्यावा, जसे वरील उदाहरणात केले आहे. प्रवाद वापरायचाच असेल तर तो एखाद्या पात्राच्या तोंडी घालावा आणि दुसऱ्या पात्राने त्यावर शंका घ्यावी. मोहीम संपल्यावर काय खरे व काय रचलेले याची यादी खेळाडूंना वाचून दाखवावी. पुण्यात त्यापुढची सोयही आहे: दिवसाउजेडी सर्वांनी मिळून शनिवारवाड्यात जावे, नारायण दरवाजा पाहावा, आणि ज्यांस मूळ कागदांचे कुतूहल असेल त्यांनी १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची वाट धरावी.