भाऊ बदला घेतो, बहीण घर सोडते

मारामारीचे सिनेमे मला सोसत नाहीत. पण सुट्टीला आलेला लेक म्हणाला, "आई, यातला हिरो आपल्या पोस्टातल्या काकांसारखा दिसतो, बघच!" म्हणून स्वयंपाक आटोपून बसले. सिनेमा २०१३ चा अमेरिकन, 'ब्लू रुइन'. नट मेकन ब्लेअर. नाव ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं.

मैत्रिणींनो, चेहरा खरंच कारकुनाचा! भेदरलेले डोळे, पडलेले खांदे. यात तो झालाय ड्वाइट, आईवडिलांच्या खुनानंतर गंजक्या गाडीत दिवस काढणारा. खुनी तुरुंगातून सुटतो आणि हा सूड घ्यायला निघतो. पण जमतंय कुठे? टायरमध्ये सुरी खुपसताना स्वतःचाच हात कापतो, ऐन पळायच्या वेळी गाडीची किल्ली हरवते. पुढे पायात घुसलेला बाण स्वतःच काढायला जातो आणि शेवटी दवाखाना गाठतो. ब्लेअर कुठेही शूर दिसायला बघत नाही. हसू येतं आणि पोटात गोळाही येतो.

मला मात्र त्याची बहीण विसरवत नाही. भावाने केलेलं ऐकून क्षणभर तिला बरंच वाटतं. मग लक्षात येतं, मागे राहिलेल्या गाडीवर पत्ता आपला आहे. ती माणसं आता आपल्या दारात येणार. लेकरांना घेऊन ती घर सोडते. आमच्या समुपदेशन केंद्रात अशा किती जणी येतात! बांधावरून डोकी फुटतात, पुरुष कोर्टाच्या वाऱ्या करतात आणि बाई दोन पिशव्या घेऊन माहेरी.

ब्लेअर आणि दिग्दर्शक जेरेमी सोल्नियर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचे बालमित्र, शाळेपासून सिनेमाचं वेड. २००७ मध्ये दोघांनी 'मर्डर पार्टी' केला, पण नशीब उघडलं नाही. मग हा सिनेमा सुमारे ४ लाख २० हजार डॉलरांत उभा केला. हॉलीवूडच्या मानाने किरकोळच रक्कम. ३५ हजारांहून थोडे जास्त लोकवर्गणीतून आले, आणि दिग्दर्शकाच्या बायकोने म्हातारपणासाठी साठवलेले पैसेही यातच गेले. (पोस्टरवर तिचं नाव सगळ्यात मोठं हवं होतं, असं आपलं मला वाटतं!) कान महोत्सवात या सिनेमाला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला असेल तिचा.

पुढे ब्लेअरने स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमाला २०१७ मध्ये सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात रुग्णांची सेवा करणाऱ्या एका बाईच्या घरी चोरी होते, आजीची चांदीची भांडी जातात. पोलीस लक्ष देत नाहीत, तेव्हा ती स्वतःच पदर खोचून शोधायला निघते.

लेकाला सांगून ठेवलंय, पुढच्या सुट्टीत तो लाव.