समुद्रविज्ञान म्हणजे फक्त मासे नव्हेत

समुद्रविज्ञान शिकायचे म्हणजे पाणबुड्याचा पोशाख चढवून मासे नि प्रवाळ पाहायचे, हा समज बारावीनंतरच्या चौकशीत हमखास भेटतो. तो खोटा नाही, अपुरा आहे. जीवशास्त्र ही या विषयाची एक शाखा; प्रवाह-लाटांचे भौतिकशास्त्र, खाऱ्या पाण्याचे रसायनशास्त्र आणि तळाचे भूशास्त्र याही शाखाच. शेत समजून घ्यायला पिकाइतकीच माती, पाणी, हवा पाहावी लागते, तसेच हे.

म्हणून भौतिकशास्त्राचा पदवीधरही इकडे वळू शकतो. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून संशोधन करते आहे. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना कळवते. हे काम करणाऱ्याला पोहता आले नाही तरी अडत नाही. बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा नि गाळाचे प्रयोग पुण्याजवळ खडकवासल्याला चालतात, आणि जहाजांसाठीचे अधिकृत सागरी नकाशे तयार होतात ते चक्क डेहराडूनला.